मिठागरातला गिअरबॉक्स

भाईंदरला इंद्रलोकमधल्या एका इमारतीत नवं बिऱ्हाड आलं की वॉचमन आधी पाण्याची वेळ सांगतो आणि मग हळूच म्हणतो, "चौथ्या माळ्यावरच्या घरतांकडे कुणी लोखंडाचा तुकडा घेऊन चाललेला दिसला, तर घाबरू नका. त्यांच्याकडे असेच लोक येतात."

शिवदास घरत यांच्याकडे अशी माणसं कित्येक वर्षं येत आहेत. कुणाच्या हातात हेडलाइटची रिंग असते, कुणाच्या हातात दाराचं हँडल. एकदा पुण्याहून आलेल्या एका डॉक्टरांनी तान्ह्या मुलासारखा टॉवेलात गुंडाळून कार्बोरेटर आणला होता. सगळ्यांचं मागणं एकच, "असाच दुसरा पाहिजे. मिळेल का?"

शिवदास मेकॅनिक नव्हेत. त्यांनी जन्मात एक गाडी दुरुस्त केलेली नाही. जुन्या स्पोर्ट्स गाड्या, दोन दारांच्या, छप्पर मागे पाडता येणाऱ्या, ज्या बनवणारे कारखानेही आता उरले नाहीत, त्यांचं सामान हुडकून देणं हा त्यांचा धंदा. धंदा म्हणायचा एवढंच, खरं तर नाद.

घरत मूळचे खारीगावचे, आगरी. घरची भाताची खाचरं होती आणि वडील महिपत घरत मिठागर बघायचे. थोरला मुलगा बबन पाण्यातल्या माशासारखा मिठागरात रमला. धाकटा शिवदास मात्र विशीत मुंबईत गावदेवीच्या एका गॅरेजात जाऊन चिकटला. गॅरेज होमीशेठचं. बड्या लोकांच्या विलायती गाड्या तिथे यायच्या. त्या काळात परदेशातून सामान येणं जवळजवळ बंद होतं. गाडी उघडायला दहा जण तयार असायचे, पण तुटलेल्या भागाच्या जागी घालायचं काय, इथे सगळे अडायचे. होमीशेठ आपल्या मोडक्या मराठीत म्हणायचे, "शिवा, मेकॅनिक तर गल्लीगल्लीत हाय. सामान आननारा मानूस दाखव मला."

तो माणूस शिवदास झाले. चोरबाजारात ते इतके फिरले की तिथले दुकानदार त्यांना जेवायला थांबवून घेत. माझगावच्या गोदीत खलाशांशी त्यांची दोस्ती होती. लंडनच्या विमानावर काम करणाऱ्या एका बाईने त्यांच्यासाठी पावडरच्या डब्यात पिस्टनच्या रिंगा आणल्या होत्या. काठियावाडातल्या एका संस्थानाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने डायनॅमोचे पैसे घेतले नाहीत, तर भाईंदरचे सुके बोंबील मागितले. शिवदास बोंबलांची गोणी घेऊन रेल्वेने गेले आणि अख्खा डबा त्यांच्यापासून दूर बसला.

वडिलांना यातलं काही पटत नव्हतं. "दुसऱ्याच्या गाडीचं मोडकं लोखंड हुडकनं, यो काय धंदा हाय?" असं ते चारचौघांत म्हणत.

आता तो जमाना राहिला नाही. मुलं मोबाइलवर बोट फिरवतात आणि इंग्लंडहून खोकं घरी येतं. शिवदासांना त्याचा राग नाही. बंद केलेल्या बाल्कनीत ते बिस्किटांच्या जुन्या डब्यांमधलं सामान पुसत बसतात आणि बायकोला, आनंदीबाईंना सांगतात, "हा वायपरचा दांडा माहितीये? याच्यासाठी मी नगरला एका लग्नात जेवलो होतो. ना नवरा ओळखीचा, ना नवरी." आनंदीबाईंनी ती गोष्ट अनेकदा ऐकलेली असते. तरी त्या विचारतात, "मग आहेर काय केलात?"

अशाच एका दुपारी सुरुची समर्थ त्यांच्याकडे आली. जेसल पार्कला राहणारी, विमा कंपनीत नोकरी करणारी, चाळिशीतली बाई. तिने मोबाइलवर एका गाडीचा फोटो दाखवला. लांब नाक, वर आलेले गोल दिवे, मरून रंग उडालेला.

"काका, सिंगर आहे," ती म्हणाली.

"शिलाई मशीन का?" स्वयंपाकघरातून आनंदीबाईंनी विचारलं.

सुरुची हसली. "सगळे हेच विचारतात. नाव तेच, कंपनी वेगळी."

गाडी तिच्या वडिलांची. समर्थ कुटुंब तेव्हा गिरगावात राहायचं. वडील बँकेत. कुणी परदेशी निघालेल्या गृहस्थाने गाडी स्वस्तात दिली आणि त्यांनी हौसेने घेतली. मे महिन्यात सगळे खंडाळ्याला जात. आई पुढे, डोक्याला रुमाल बांधून. मागच्या अरुंद सीटवर सुरुची आणि तिचा भाऊ. घाट आला की गाडी दुसऱ्या गिअरवर येई आणि एका विशिष्ट सुरात रडायला लागे. मुलं त्या सुरात सूर मिसळत. मग एका वर्षी घाटातच दुसऱ्या गिअरचे दात तुटले. गाडी दोरीने ओढत आणली. सामान मिळालं नाही. पुढे आई गेली, भाऊ कॅनडाला गेला, घर जेसल पार्कला आलं आणि गाडीही टेम्पोवर चढून मागोमाग आली. तेव्हापासून ती इमारतीखाली ताडपत्रीखाली उभी होती.

"बाबा रोज सकाळी खाली जातात, बॉनेट पुसतात, वर येतात," सुरुची म्हणाली. "आता सोसायटी पार्किंग नव्याने आखतेय. सेक्रेटरी म्हणतात, चालती असेल तर गाडी, बंद असेल तर भंगार. दिवाळीच्या आत हलवा."

तिने पिशवीतून जुन्या चादरीत बांधलेला एक दांडा काढला. त्यावर लहानमोठी दातेरी चाकं होती. गॅरेजवाले त्याला लेशाफ्ट म्हणतात. एका चाकाचे सलग काही दात मुळापासून उडालेले होते. शिवदासांनी तो हातात घेतला आणि तुटलेल्या दातांवरून अंगठा फिरवला.

"बघतो," एवढंच म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी फोन सुरू केले. पुणे झालं, कोलकाता झालं, कोईमतूर झालं. काठियावाडातल्या त्या ड्रायव्हरच्या नातवालाही विचारलं. नातवाने इंग्लंडमधल्या सिंगरवाल्यांच्या एका मंडळाला लिहिलं. उत्तर आलं, नाही, असला तर आम्हालाच कळवा. काशिमिऱ्याला घोडबंदर रोडवर कुलदीप नावाच्या सरदारजीचं गॅरेज आहे, शिवदासांचा जुना दोस्त. तो म्हणाला, "घरत साहब, नया बनवा लो." बनवणाऱ्याला विचारलं तर तो दोन महिने मागत होता, आणि दात टिकतील याची खात्री देत नव्हता.

शिवदास सगळीकडे विचारत होते, कारण एका ठिकाणी विचारायचं नव्हतं. आनंदीबाईंना ते कळत होतं. एक दिवस त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "खारीला विचारलंत?"

शिवदासांनी डब्याचं झाकण लावलं. "तिथे कशाला?"

"मला काय विचारताय? मी सून म्हणून आले तेव्हा तो पंप चालू होता."

होता खरा. होमीशेठच्या गॅरेजात एकदा अपघातात चुरा झालेली सिंगर आली होती. मालकाने ती तिथेच सोडून दिली. तरण्या शिवदासांनी होमीशेठकडून तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स मागून घेतला आणि ट्रकने मिठागरावर आणला. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आपोआप मिठागरात शिरे, पण भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत ते चढत नसे आणि हाताने उपसावं लागे. वडिलांची पाठ त्यात मोडायला आली होती. शिवदासांनी एका मिस्त्रीला धरून त्या इंजिनाला पंप जोडून घेतला. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं आणि मग रॉकेलवर चालवायचं.

पहिल्या दिवशी महिपतबाबा लांब उभे राहिले, हात मागे बांधून. इंजिन धडधडलं, खाडीचं पाणी पाटातून पळत सुटलं. ते हळूहळू जवळ आले, बांधावर बसले आणि पाणी पुरेसं झालं तरी इंजिन बंद करू देईनात. "राहू दे रं," म्हणाले. "बरा आवाज हाय त्याचा." संध्याकाळी जेवताना त्यांनी आपल्या ताटातला पापलेटचा मधला तुकडा काढून शिवदासांच्या ताटात ठेवला. धंद्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

काही हंगाम ते इंजिन चाललं. मग खाऱ्या पाण्याने ते आतून खाल्लं आणि एक दिवस बसलं. महिपतबाबांनी भंगारात घालू दिलं नाही. मिठागर बंद झालं, बाबा गेले आणि ते धूड बबनदादांच्या अंगणात येऊन पडलं.

आणि मग दोघा भावांत फाटलं. खाचरांवर बिल्डर आले तेव्हा शिवदासांनी आपल्या वाट्याची सही केली, बबनदादांनी केली नाही. वडिलांच्या वर्षश्राद्धाला, भरल्या पंगतीत, बबनदादा म्हणाले, "लोखंड विकनाऱ्याला जमिनीची काय कदर?" शिवदास पानावरून उठले. त्यानंतर हळदीला, मयताला समोरासमोर येत, मान हलवत, संपलं.

दोन दिवस शिवदासांनी काढले. तिसऱ्या सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि रिक्षाने खारीगावला गेले. फार लांब नाही, पण रिक्षावाल्याला गल्ली सांगताना ते चुकले. ओळखीची घरं पाडून तिथे उंच इमारती आल्या होत्या.

बबनदादा ओटीवर जाळं सांधत बसले होते. चहूबाजूंनी इमारती उठल्यावर त्यांच्या वाट्याची खाचरं पिकेनाशी झाली, तेव्हा हाताला काहीतरी पाहिजे म्हणून ते दुसऱ्यांची जाळी सांधून देतात. त्यांनी वर पाहिलं.

"कनाला आयलास?"

"काम होतं, दादूस."

"कामाशिवाय कवा आयलास?"

गोदूबाई वहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, नवऱ्याकडे एकदा रोखून बघितलं आणि दिराला म्हणाल्या, "बस. चाय ठेवते."

शिवदासांनी सगळं सांगितलं. बबनदादा जाळ्यातून मान वर न काढता ऐकत होते. अंगणाच्या कोपऱ्यात, शेवग्याखाली, फरशीच्या तुकड्यांवर ते धूड होतं. इंजिनाचा तर गंजून भुगा व्हायला आला होता, बोट लावलं तर पापुद्रे पडावेत. त्याच्या शेपटाला गिअरबॉक्स.

"बापसाचा हाय तो," बबनदादा म्हणाले.

"माहितीये."

"आन् ती बाय कोन? तुझी कोन लागते?"

"कुणी नाही. गिऱ्हाईक."

"मग तिला सांग यायला. ज्याला पायजे त्यानं मागावं."

सुरुची रविवारी आली आणि वडिलांनाही घेऊन आली. समर्थ साहेब काठी टेकत अंगणात आले, बूट काढू लागले, तेव्हा बबनदादाच पुढे झाले. "राहू द्या, अंगन हाय." समर्थांनी खिशातून एक फोटो काढला. घाटातलं वळण, गाडी, डोक्याला रुमाल बांधलेली बाई हसतेय. बबनदादांनी तो लांब धरून पाहिला.

"मालकीन?"

"हो. गेली. आता बरीच वर्षं झाली."

"तिला आवडाची गाडी?"

"नाही हो. केस विस्कटतात म्हणायची. पण माझ्यासाठी बसायची."

बबनदादा पहिल्यांदा हसले. फोटो परत दिला, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "शिवा, पाना आनलास का?"

पाना आणला होता. पण नट पार धरून बसले होते. डिझेल ओतून ते भिजत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी कुलदीप आपली हत्यारं घेऊन आला. तिघं म्हातारे शेवग्याखाली बसले. ठोकत होते, तापवत होते, पुन्हा ठोकत होते. शेजारची माणसं कुंपणापाशी येऊन बघून जात होती. कुलदीप म्हणाला, "बाहर से तो सड़ गया है. अंदर भी यही हाल होगा."

शिवदासांना एक आशा होती आणि ती त्यांनी मनातच ठेवली होती. पंपाला गिअर बदलायची गरज नसते म्हणून त्यांनी तेव्हा गिअरचा दांडा चौथ्यावर टाकून तारेने बांधला होता. चौथ्यावर इंजिनाचा जोर सरळ पुढे जातो, खालच्या चाकांवर भार येत नाही. म्हणजे दुसरा गिअर नुसता फिरला, राबला नाही. पण इतक्या वर्षांत आतलं तेल सुकलं असेल आणि खारी हवा शिरली असेल, तर सगळं संपलं.

शेवटचा नट सुटला. कुलदीपने झाकण उचकटलं. आत काठोकाठ काळं तेल होतं.

कुलदीपने त्यात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला. "ये तेल पुराना नहीं है."

शिवदासांनी भावाकडे पाहिलं. बबनदादा जमिनीकडे बघत होते.

"दर साली खंडेनवमीला घालतो," ते म्हणाले. "झेंडूचा हार घालतो आन् भोकातून तेल. फाटकाजवळच्या रिक्षावाल्याकडून आनतो."

"कशाला?"

"बापूस सांगून गेल्ता. बोलला, तेल कमी पडू देऊ नको. शिवाचा हाय. कवातरी न्यायला येल."

कुलदीपला मराठी नीट कळत होती, तरी तो हत्यारं शोधल्यासारखं करत पिशवीत डोकं घालून बसला. शिवदास उठून नळावर गेले, तोंड धुतलं, सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि परत आले.

"मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"तू कवा इचारलास?" बबनदादा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मी पन सांगाचा व्हता. पंगतीतलं बोलनं मना नंतर लागलं. पन तू गेल्तास."

लेशाफ्ट बाहेर काढायला दुपार झाली. गोदूबाईंनी अंगणातच भाकरी आणि जवळ्याचं कालवण आणून दिलं. रॉकेलमध्ये धुतल्यावर ती चाकं अशी चमकली की कुलदीपने ती कपाळाला लावली. एकूण एक दात जागेवर होता. सोबत जोडीचं चाकही चांगलं निघालं. शिवदासांनी झाकण पुन्हा जागेवर ठेवलं तेव्हा बबनदादांनी नट स्वतः हाताने लावले, आत काही नसतानाही घट्ट आवळले.

गाडी कुलदीपच्या गॅरेजात गेली. बाकीही बरंच काम निघालं. ब्रेक, रबरं, वायर, रेडिएटर. काही शिवदासांच्या डब्यांतून निघालं, काही इंग्लंडहून खोक्यातून आलं. दसऱ्याच्या थोडं पुढे एका सकाळी सुरुचीचा फोन आला, "काका, आज या. आणि खारीच्या काकांनाही आणा. मी त्यांना सांगितलंय."

जेसल पार्कच्या इमारतीखाली सेक्रेटरीसकट सगळे जमले होते. गाडी पुसूनपुसून लख्ख केलेली. सुरुची स्टिअरिंगवर बसली, शेजारी समर्थ. मागच्या चिंचोळ्या सीटवर दोघं भाऊ गुडघे छातीशी घेऊन कसेबसे मावले. इंजिन पहिल्या प्रयत्नात खोकलं, दुसऱ्यात बोललं. गाडी फाटकाबाहेर पडली, खाडीच्या बाजूला वळली. सुरुचीने गिअर बदलला आणि तो सूर आला, बारीक, रडका, वर चढत जाणारा.

सुरुचीने वडिलांकडे पाहिलं. समर्थ समोर बघत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर हलकेच ताल धरत होता. "हळू," ते म्हणाले. "तुझ्या आईचे केस उडतील." मग स्वतःशीच मान हलवली. "आता कुणासाठी म्हणतोय मी."

"म्हणा ना बाबा," सुरुची म्हणाली आणि तिने गाडी आणखी सावकाश घेतली.

खाडीवरच्या चौपाटीपाशी गाडी थांबली. सकाळी फिरायला आलेली माणसं भोवती जमली. कुणी फोटो काढले, कुणी किंमत विचारली. होडीवरून उतरलेला एक ओळखीचा माणूस बबनदादांना बघून जवळ आला. "काय हो घरत, गाडी कोनाची?"

"या सायबांची," बबनदादा सीटमधून बाहेर पडायची धडपड करत म्हणाले. टोपी सरळ केली आणि शिवदासांच्या खांद्यावर हात ठेवला, आधारासाठी म्हणून ठेवला आणि तसाच राहू दिला. "यो माझा धाकला भाव. असल्या गाड्यांचं सामान देशात कुठं न्हाय मिळालं तर याच्याकडं येतात."

शिवदासांनी खाडीकडे पाहिलं. पलीकडे जुन्या मिठागरांचे बांध ओहोटीत उघडे पडले होते. मधल्या मोठ्या भागात तिवरं माजली होती.

"आपलं कुठलं रे त्यातलं?" त्यांनी विचारलं.

"इसरलास?" बबनदादांनी बोट केलं. "ती दोन तिवरं सोडून डावीकडं. चल, ओहोटी हाय तवर दाखवतो."

सुरुचीने घरी सोडते म्हटलं, तर ते नको म्हणाले. दोघं भाऊ बांधाच्या दिशेने पायी निघाले. बबनदादा पुढे, शिवदास मागे. मध्येच बबनदादा थांबले आणि म्हणाले, "वैनीनं जेवाला थांबवलाय तुला. आनंदीला पन फोन कर, म्हनाव ये."